बबल टिप ॲनिमोनचे तुकडे करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात घरी २०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, आहे, ती सुरू होऊन आठ महिने झालेत. तिच्यात एक गुलाबी बबल टिप ॲनिमोन (समुद्रफूल) आहे आणि त्याच्यात क्लाउनफिशची जोडी राहते. ॲनिमोन छान फुलतोय, म्हणून त्याचे चार तुकडे करून तीन मित्रांना द्यायचा विचार आहे. ब्लेड कोणतं घ्यावं आणि कसं कापावं, एवढंच तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. चार तुकडे नको, दोनच करा. आणि आत्ता नको, अजून चार-सहा महिने थांबा. तेवढ्या काळात तो आपणहून दुभंगला, आणि सांभाळ नीट असेल तर तशी बरीच शक्यता आहे, तर ब्लेड हातात घ्यायची वेळच येणार नाही.

बबल टिप, म्हणजे एन्टाक्मिया क्वाड्रिकलर, मुळातच दुभंगून वाढणारा प्राणी आहे. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंत तो सापडतो. उथळ पाण्यातल्या खडकांवर एकाच जिवाच्या प्रती शेजारी शेजारी चिकटून अख्खी वसाहत करतात, तर खोल पाण्यात तो बहुधा एकटा आणि आकाराने मोठा असतो. आपल्या टाक्यांमध्ये येतात ते बहुतेक पहिल्या प्रकारातले. त्यांच्यात नर-मादी वेगळे असतात आणि समुद्रात त्यांचं लैंगिक प्रजननही होतं, पण घरच्या टाकीत वाढ होते ती दुभंगूनच. मूळ जीव मादी असेल तर तिच्यापासून झालेले सगळे मादीच. रंगही तोच, सवयीही त्याच.

ही सवय सगळ्या ॲनिमोनना नसते, आणि इथेच बरेच जण फसतात. क्लाउनफिशला घर देणाऱ्या ॲनिमोनच्या साधारण दहा जाती धरल्या जातात. त्यातला बबल टिप घरी वाढवायला सोपा. हॅडोनी कार्पेट टाकीत आपणहून दुभंगताना दिसत नाही. त्याला ब्लेड लावलं की बहुतेक वेळा त्याचा चिखल होतो आणि तो सगळ्या टाकीला घेऊन जातो. मॅग्निफिका निसर्गात काही ठिकाणी दुभंगून वाढतो, पण दुकानातून येणारा मॅग्निफिका प्रवासानंच इतका थकलेला असतो की त्याला जगवणं हेच मोठं काम. सेबे ॲनिमोनच्याही घरी वाटेला जाऊ नका. कॅरिबियनमधले रॉक फ्लॉवर ॲनिमोन दुभंगत नाहीत, त्यांच्यात नर-मादीच लागतात. म्हणून 'मित्राने बबल टिप कापला, मी कार्पेट कापतो' असं मनात आलं तर ते तिथेच सोडा.

आता आठ महिन्यांच्या टाकीबद्दल. ॲनिमोनला नुसतं आकड्यांत बरोबर असलेलं पाणी पुरत नाही, ते बरोबर राहावं लागतं. तापमान २५ ते २७ अंश, क्षारता ३५ पीपीटी म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. हे आकडे कुणीही सांगेल. खरा प्रश्न हा, की ते महिनाभर तिथेच राहतात का. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेऊ नका. ॲनिमोनच्या अंगात राहणारी शैवालं त्याला उजेडातून अन्न करून देतात, आणि अगदी निसत्त्व पाण्यात तीही उपाशी मरतात.

ठाण्या-मुंबईत पहिला शत्रू उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये बंद घरातल्या टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर सहज जातं. त्या तापमानात शैवालं बाहेर टाकली जातात आणि ॲनिमोन पांढरा पडायला लागतो. पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, पण हा उपाय उन्हाळ्यापुरताच. पावसाळ्यात हवाच दमट, बाष्पीभवन होत नाही आणि पंखा नुसता फिरत राहतो. शिवाय पंख्यामुळे पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि क्षारता चढते. म्हणजे आरओ पाण्याची रोजची भर आलीच. ज्यांना ॲनिमोन वाढवायचे आहेत त्यांनी लाइटवर खर्च करण्याआधी चिलर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बबल टिपला १५० ते २५० पार (शैवालांना उपयोगी उजेडाचं माप) इतका उजेड पुरतो. तो तुलनेने स्वस्त लाइटमधूनही मिळतो. थंड पाणी कुठल्याही स्वस्त युक्तीनं मिळत नाही.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या आरओची. त्यात चव यावी म्हणून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, वाढवायची सोय असते, कधी मिनरल कार्ट्रिज असतं. ते पाणी टाकीला चालत नाही. टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांमधून) काढलेलं पाणीच मिठात मिसळा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वासही जास्त असतो. त्या दिवसांत सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर लवकर बदला. आणि माशांवर कधी पांढरे ठिपके आले म्हणून या टाकीत तांब्याचं औषध अजिबात टाकू नका. मासे वाचतील, ॲनिमोन जाईल. औषधोपचार नेहमी वेगळ्या टाकीत.

या दोन गोष्टी जाग्यावर आल्या की खाऊ-पिऊ घालून त्याला आपणहून दुभंगू द्या. मी हाच मार्ग आधी सुचवतो. आठवड्यातून दोनदा मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव, गोठवलेला मिळतो) किंवा कच्च्या कोळंबीचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा, त्याहून मोठा नको. तो मोठा तुकडाही गिळेल, पण रात्री अर्धवट पचलेला परत टाकेल आणि तो तुम्हाला सकाळी दगडाच्या फटीत कुजलेला सापडेल. कोळंबी कोळणीकडून ताजी घ्या. सुपरमार्केटच्या गोठवलेल्या कोळंबीत पाणी धरून ठेवायला बऱ्याचदा फॉस्फेट घातलेलं असतं, ते सगळं टाकीत उतरतं. आरओ पाण्यात धुऊन, बारीक करून, चिमट्याने शुंडकांना नुसती टेकवा. क्लाउनफिश पळवतात, म्हणून आधी त्यांना खायला घाला.

पोटभर खाणारा आणि जागा न बदलणारा बबल टिप काही महिन्यांत तयारी दाखवतो. आधी तो एखाद दिवस नेहमीपेक्षा जास्त फुगतो. मग पायाची एक कड दगडाच्या एका बाजूला आणि दुसरी कड दुसऱ्या बाजूला सरकायला लागते. तोंड गोल राहत नाही, ताणून लांबट होतं. बुंध्यावर मधोमध एक फिकट पट्टा दिसतो, तिथली कातडी इतकी पातळ होते की आतले पांढरट पडदे जाणवतात. मग तो फाटतो. कधी काही तासांत, कधी सावकाश दीड-दोन दिवसांत. त्यानंतर दोन्ही अर्धे आक्रसून फटीत जाऊन बसतात आणि चार-पाच दिवस तुम्हाला दर्शन देत नाहीत. हे पाहताना लोक घाबरतात आणि त्याला हात लावायला जातात. लावू नका, फक्त बघा. हा तुमच्या सांभाळाचा निकाल असतो आणि तो चांगला लागलेला असतो.

ताण देऊन फोडायची एक रीत आहे: एकदम निम्मं पाणी बदलायचं, क्षारता खाली आणायची, म्हणजे तो घाबरून दुभंगतो. काही वेळा खरंच दुभंगतो. पण अशा वेळी तो दुभंगतो ते जगायची शाश्वती वाटत नाही म्हणून, आणि थकलेल्या जिवाचे दोन अर्धे म्हणजे दोन आजारी ॲनिमोन. मित्राला आजारी जीव देऊन काय साधणार? ही रीत मी कुणालाही सांगत नाही.

आता ब्लेडचं. काही वेळा कापण्याला अर्थ असतो: एखादा मोठा ॲनिमोन वर्षभर दुभंगायचं नावच घेत नाही आणि आजूबाजूचे कोरल भाजतो, किंवा चांगल्या रंगाचा एकच जीव सगळ्या गावात आहे आणि तो गेला तर रंगच जाईल. अशा वेळी कापावं. अट एवढीच की फुललेला असताना तो निदान १२ सेंटीमीटर रुंद असावा, एकाच जागी दोन महिने टिकलेला असावा, तोंड घट्ट मिटलेलं असावं आणि अंगावर रंग भरलेला असावा. पांढरा पडलेला, तोंड वासलेला किंवा टाकीभर भटकणारा ॲनिमोन कधीही कापू नये.

दोनच तुकडे का, तेही सांगतो. ॲनिमोनला मेंदू नाही, हृदय नाही; तोंडातून एक नळी आत जाते आणि तिच्याभोवती उभे पडदे असतात. अन्न पचवण्याचं काम त्या पडद्यांचं. ज्या तुकड्यात तोंडाचा, नळीचा, पडद्यांचा आणि पायाचा वाटा येतो तो जखम मिटवून पुन्हा गोल होतो. दोन केले तर हे वाटे दोघांनाही भरपूर मिळतात. चार केले तर प्रत्येकाला तोंडाचा जेमतेम कोपरा मिळतो आणि त्याच्या मानाने जखम फार मोठी होते. ऑस्ट्रेलियात सदर्न क्रॉस विद्यापीठाच्या संशोधकांनी बबल टिपवर हे करून पाहिलंय. अर्धे केलेले पाव केलेल्यांपेक्षा चांगले जगले. तुम्हाला तीन मित्रांना द्यायचे आहेत, तर यंदा एकाला द्या, बाकीचे दोघे पुढच्या वर्षी. थांबायला तयार असलेल्या मित्रालाच ॲनिमोन द्यावा, असंही मी म्हणेन.

कापायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवा, पोट रिकामं हवं. सगळ्यात अवघड काम कापण्याचं नाही, दगडावरून सोडवण्याचं आहे. पाय फाटला की अर्धी लढाई तिथेच हरली. म्हणून आतापासूनच त्याच्या शेजारी हाताएवढे सुटे दगड किंवा सिरॅमिकचे तुकडे लावून ठेवा; तो सरकून त्यावर आला की दगडासकट उचलता येतो. तसं नसेल तर दगडाच्या मागच्या बाजूला बर्फाची पिशवी धरा. पाय गार जागा सोडतो. जुन्या एटीएम कार्डाची कड पायाखाली हळूहळू सरकवत नेली तरी चालतं. ओढू मात्र नका. हातात नायट्राइलचे मोजे घाला, डोळ्याला चष्मा लावा. त्याच दगडावर झोॲन्थस किंवा पॅलिथोआ, म्हणजे बटणांसारखी दिसणारी मऊ प्रवाळं, असतील तर जास्तच जपा. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे ॲनिमोनच्या डंखापेक्षा कितीतरी घातक विष आहे.

औषधाच्या दुकानात मिळणारं २२ नंबरचं नवं सर्जिकल ब्लेड घ्या. दाढीचं नवं ब्लेडही चालेल, पण त्यावर तेल असतं, ते स्पिरिटने पुसून गरम पाण्याने धुऊन काढा. प्लॅस्टिकचा एक पाट फक्त याच कामाला ठेवा, ज्याला कधी साबण लागलेला नाही. ॲनिमोन पाटावर पाय खाली, तोंड वर असा ठेवा आणि मिनिटभर थांबा. आक्रसलेल्या गोळ्यात तोंड दिसत नाही. थोडा सैल पडला की मध्यभागी फिकट रेघ दिसते, ते तोंड. ब्लेड त्या रेघेच्या बरोबर मध्यावर ठेवून सरळ खाली, पायापर्यंत, एकाच दाबात उतरवा. पुढे-मागे घासू नका, त्यानं कडा चिंध्या होतात आणि चिंध्या कुजतात. हात थरथरत असेल तर त्या दिवशी कापू नका.

कापल्याबरोबर पाटावर चिकट स्राव येतो आणि कडेतून पांढरे दोरे बाहेर लोंबतात. ते आतल्या पडद्यांचे आहेत, कापून टाकू नका. दोन्ही अर्धे टाकीतल्या पाण्याच्या वेगळ्या भांड्यात हलकेच धुवा, दोनदा. ते पाणी परत टाकीत ओतायचं नाही. काही जण आयोडीनच्या पाण्यात बुडवतात. स्वच्छ ब्लेडने केलेल्या सरळ कापाला त्याची गरज पडत नाही, असा माझा अनुभव.

धुऊन झालं की जाळीची प्लॅस्टिकची टोपली घ्या, तळाला खरखरीत दगडाचे तुकडे पसरा आणि अर्धे त्यावर ठेवून टोपली त्याच टाकीत मध्यम उजेडात, मंद प्रवाहात टांगा. वर झाकण हवंच. सुटा तुकडा तरंगत वेव्हमेकरमध्ये, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंख्यात, गेला तर एका रात्रीत सगळ्या टाकीचा निकाल लागतो. क्लाउनफिश जोडी टोपलीबाहेरच राहू द्या. ते प्रेमाने अंग घासतात आणि ओली जखम उघडतात.

अर्धा तुकडा करंजीसारखा मिटतो: कापलेल्या दोन्ही कडा एकमेकींवर येऊन चिकटतात. दोन-तीन दिवसांत पाय दगड धरतो. आठवडाभरात शिवण बंद होते, पण तोंड एका कडेला राहतं आणि शुंडकं एकाच बाजूला दाट दिसतात. ते वेडंवाकडं रूप बघून काळजी करू नका, तोंड हळूहळू मध्यावर सरकतं, त्याला काही महिनेही लागू शकतात. शुंडकांच्या टोकांचे फुगे जाऊन ती लांबट झाली तर तोही आजार नाही. पहिल्या दहा दिवसांत खायला काही घालू नका. त्यानंतर मायसिसचा एकच दाणा शुंडकाला टेकवा. चिकटला आणि तोंडाकडे गेला तर तो वाचला.

या दहा दिवसांत स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जोरात चालू ठेवा, नवा कार्बन घाला, रोज थोडं थोडं पाणी बदला. आणि रोज वास घ्या. टोपली पाण्याच्या वर आणून नाक जवळ न्या. जिवंत ॲनिमोनला समुद्राचा वास येतो, मेलेल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. कातडीवर पांढुरकी साय, बोट लावताच सुटणारं मांस, उघडं पडलेलं तोंड, यातलं काही दिसलं की तो तुकडा त्याच क्षणी बाहेर काढा. दुसऱ्याला वाचवायचं असेल तर इथे आशा धरून बसता येत नाही. वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते, म्हणून त्याचीही सोय घरी करून ठेवा: बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि शक्य असेल तर एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर.

एक गोष्ट उलट बाजूची. तुमच्या दगडावर बारीक तपकिरी ऐप्टेशिया (टाकीत तणासारखे पसरणारे ॲनिमोन) असतील तर त्यांना कधीही कापू किंवा खरवडू नका. बबल टिपला नीट अर्धा वाटा मिळाला तर तो जगतो, ऐप्टेशियाचा पायाचा कणसुद्धा नवा जीव उभा करतो. त्यांच्यासाठी पेपरमिंट श्रिम्प किंवा बर्गिया गोगलगाय आणा.

हे सगळं एवढं जपून का करायचं, याचं माझ्याकडे एक जुनं उदाहरण आहे. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅल्येल यांनी १८२८ मध्ये नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधा लाल ॲनिमोन घरी आणला. ना लाइट, ना पंप. बरणी आणि बदललेलं समुद्राचं पाणी. त्यांच्या पश्चात तो एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, त्याला लोक 'ग्रॅनी' म्हणायला लागले, त्याला शेकडो पिल्लं झाली आणि तो १८८७ पर्यंत जगला. माणसाच्या हाताखाली एकोणसाठ वर्षं. या प्राण्यांचं वय असं दिसतं, आणि म्हणूनच समुद्रातून एक मोठा ॲनिमोन काढला की ती जागा लवकर भरत नाही. फिलिपिन्समध्ये सेबूच्या भागात, जिथे व्यापारासाठी ॲनिमोन आणि क्लाउनफिश काढले गेले, तिथल्या खडकांवर दोघांचीही संख्या कमी आढळली. घर गेलं की मासाही जातो. तुमच्या टाकीत वाढलेला प्रत्येक बबल टिप म्हणजे समुद्रातून एक कमी आणावा लागेल, याची मला मनापासून किंमत वाटते.

त्याच कारणासाठी, तुकडे चिकटवायला किनाऱ्यावरून प्रवाळाचे दगड उचलून आणू नका, मेलेलं असलं तरी. कडक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. सिरॅमिकचे तुकडे तितकेच चांगले चालतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीला खळग्यांमध्ये ॲनिमोन दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाच्या किनाऱ्यावरच्या फेऱ्यांना जाऊन ते जरूर बघा, मुलांना दाखवा, पण तिथून काही उचलू नका. भरती-ओहोटी आणि पावसाळ्यातलं गढूळ पाणी यांची सवय असलेला तो जीव घरातल्या टाकीत खंगत जातो.

मित्राला देण्याआधी कापलेला अर्धा निदान दोन-तीन महिने तुमच्याकडेच राहू द्या, खाऊ द्या, मूळ आकाराच्या निम्म्यापर्यंत तरी येऊ द्या. मूळ ॲनिमोनला पुन्हा ब्लेड लावायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत नाही. न्यायच्या आधी दोन दिवस उपास, सिरॅमिकच्या तुकड्यासकट दुहेरी पिशवीत, पाणी कमी आणि हवा जास्त, थर्माकोलच्या डब्यात. त्याच पिशवीत मासा घालू नका. आणि डबा हातात देण्याआधी त्याच्या टाकीतल्या वेव्हमेकरला जाळी लावलेली आहे का ते त्याच्या घरी जाऊन स्वतः बघा. स्पंजची टोपी किंवा बारीक जाळीचं आवरण, दोन्हीपैकी काहीही चालेल. ते नसेल तर ॲनिमोन तुमच्याकडेच ठेवा आणि जाळी लागली की द्या.